बगळ्याची कान-पारख

एका जंगलात आजारी कोण आणि धडधाकट कोण, हे ठरवण्याचे काम एका बगळ्याकडे असे. हे काम आजोबांपासून त्याच्या घरात चालत आले होते. बगळा अगदी प्रामाणिक होता. कुणी मासा आणून दिला म्हणून त्याने कधी कुणाला खोटे आजारी ठरवले नाही, की कुणावर राग आहे म्हणून त्याचे आजारपण नाकारले नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे, आणि राग आला की आपण समोरच्याला दुष्ट ठरवून मोकळे होतो. या गोष्टीत तेवढ्याने भागणार नाही.

बगळ्याची रीत अशी होती. सकाळचे ऊन पडले की तो तळ्याकाठच्या खडकासमोर उभा राही. रोगी खडकावर चढून सूर्याकडे पाठ करून बसे. ऊन त्याच्या कानातून आरपार येई. अंगात ताप असेल तर कान आतून लाल दिसे. बगळा मान तिरकी करून एका डोळ्याने बघे आणि म्हणे, "ताप आहे," नाहीतर, "ताप नाही." याला सगळे जंगल कान-पारख म्हणे. ताप निघाला की झऱ्याजवळच्या थंडगार कपारीत जागा मिळे, गुळवेलीचा रस मिळे आणि कामातून सुटका होई. ताप नाही निघाला की मुकाट्याने कामावर जायचे.

काम असे ते जाळरेषेचे. त्या जंगलाला दर उन्हाळ्यात वणव्याची धास्ती असे. म्हणून सगळे प्राणी मिळून जंगलाच्या कडेने वाळका पाला, गवत, काटक्या ओढून काढत आणि जमिनीचा एक रुंद पट्टा उघडा करत. आग त्या पट्ट्यापर्यंत आली की तिला जाळायला काही उरत नसे. तीच जाळरेषा. या कामावर जो येणार नाही त्याचा निवाडा कोल्हा करी, आणि शिक्षा ठरलेली असे. पाऊस पडेपर्यंत त्या घराला खोल डोहावर बंदी. मग खालच्या डबक्यातले गढूळ पाणी प्यायचे.

सगळ्यांना एकच खडक, एकच ऊन आणि एकच पारख. याहून सरळ कारभार तो कोणता? पण मुलांनो, ही पारख बगळ्याच्या आजोबांनी बसवली तेव्हा त्यांच्या तळ्याच्या शेजारी ससे आणि चितळ राहत होते. त्यांचे कान पातळ आणि फिकट. त्यांच्यातून ऊन सहज आरपार जाई. अस्वले, रानडुकरे आणि गवे डोंगराच्या पलीकडे राहत. त्यांचे कान जाड आणि काळे. आजोबांनी असा कान कधी उन्हात धरून पाहिलाच नव्हता. काळ्या कानात ताप असो वा नसो, लाल काही दिसतच नसे.

पुढे हे प्राणीही डोंगर उतरून इकडे राहायला आले, पण पारख तीच राहिली. त्यामुळे झाले असे की बगळ्याच्या सगळ्या हयातीत एकाही अस्वलाला, डुकराला किंवा गव्याला ताप निघाला नाही. जंगलाने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. "काळ्या कानांच्यांना ताप येतच नाही. त्यांचे हाडच चिवट," असे जो तो म्हणू लागला. मग ज्यांना ताप येत नाही त्यांना जाळरेषेचे दलदलीकडचे टोक द्यायला काय हरकत आहे, असेही ठरले. तिथे डास आणि गोचिडी यांचे राज्य होते. तिथे काम करून ते तापाने फणफणत, खडकावर जात, आणि "ताप नाही" ऐकून परत येत. कामावर उभे राहवत नसे, मग कामचुकार ठरत. कामचुकार ठरले की डोह बंद आणि डबके सुरू. डबक्याच्या पाण्याने उरलेसुरले घरही आजारी पडे. त्यांची पिल्ले पटापट जात, तेव्हा शहाणी मंडळी मान हलवून म्हणत, "त्यांच्यात पिल्ले टिकतच नाहीत हो." मला हे वाक्य लिहितानाही संताप येतो. पण तेव्हा ते कुणालाच वावगे वाटत नसे.

अशाच एका उन्हाळ्यात समोरच्या डोंगरावर धूर दिसू लागला. जाळरेषा दलदलीकडे अजून अपुरी होती. सगळ्यांना कामावर येण्याची ताकीद मिळाली होती. त्याच सकाळी एका अस्वलीच्या पिल्लाने मोहाच्या फुलांना तोंड लावले नाही. आदल्या दिवशीपर्यंत ते मोहाच्या झाडाखालून हलत नसे. अस्वलीने त्याला नाकाने उठवून पाहिले तर मान लटकत होती. अंग भाजत होते. तिने पिल्लाला पाठीवर घेतले आणि तळ्याकडे धाव घेतली.

खडकासमोर रांग होती. रांगेत तिच्या पुढे एक ससा होता. त्याचा कान उन्हात गुलाबी दिसला. बगळा म्हणाला, "थोडा ताप आहे. कपारीत जा." मग अस्वलीने पिल्लाला खडकावर ठेवले आणि त्याची मान आपल्या पंजाने सावरून धरली. बगळ्याने मान तिरकी करून पाहिले. घाई केली नाही. डावा कान पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला.

"ताप नाही," तो म्हणाला.

"अहो बगळेमामा, असं काय म्हणता! अंगाला हात लावून बघा जरा. नुसतं पोळतंय."

"अस्वलबाई, काळं अंग उन्हात तापायचंच. हा खडकही तापलाय, म्हणून काय खडकाला ताप आला? हात लावून ज्याला त्याला आपलं लेकरू गरमच लागतं. म्हणूनच तर आजोबांनी पारख बसवली."

"डोळे उघडत नाहीये हो ते!"

"झोप आली असेल," बगळा म्हणाला. त्याच्या आवाजात कुठेही कुत्सितपणा नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. "पुढचा कोण?"

ससा अजून तिथेच घुटमळत होता. त्याला तो प्रकार बघवेना. तो पुढे होऊन म्हणाला, "मामा, माझा ताप काय, उद्यापर्यंत उतरेल. माझी जागा या पिल्लाला द्या."

"जागा ही कुणी कुणाला द्यायची वस्तू नाही, ससोबा," बगळा म्हणाला. "पारखेत निघाली तरच मिळते. आज तू देशील, उद्या कुणी विकेल."

सशाने खाली मान घातली आणि तो कपारीकडे निघाला. अस्वल मात्र जागची हलली नाही. तिने एकदा खडकाकडे पाहिले, एकदा पिल्लाकडे पाहिले. पिल्लाच्या तोंडाला फेस आला होता. तिने त्याला पुन्हा पाठीवर घेतले आणि ती सशाच्या मागोमाग सरळ झऱ्याच्या वाटेला लागली. मागून बगळा ओरडला, "अस्वलबाई, तिकडे कुठे? दलदल इकडे आहे!" तिने वळूनही पाहिले नाही.

कपारीत ससे आणि चितळ पहुडले होते. अस्वलीला आत शिरताना पाहून सगळे अंग चोरून भिंतीला चिकटले. तिने पिल्लाला ओल्या दगडावर निजवले. झऱ्यात पंजा बुडवून ती त्याच्या तोंडात पाणी सोडू लागली. दोन घोट आत गेले, बाकीचे ओघळून गेले. "घे ना रे राजा, घे," ती सारखी म्हणत होती. कोपऱ्यातली एक चितळी कुजबुजली, "पारखेत ताप न निघता आत कशी आली ही?" आणि ही कुजबुज कपारीतून बाहेर, बाहेरून कोल्ह्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

कोल्हा आला तो धापा टाकतच आला. धूर वाढला होता, वारा जंगलाकडे वळला होता, आणि काम सोडून त्याला निवाड्याला यावे लागले होते. त्याच्या मागे बगळा आला. दलदलीकडून चिखलाने माखलेले रानडुक्कर आणि दोन गवेही आले. कपारीच्या तोंडाशीच निवाडा बसला.

"अस्वलबाई," कोल्हा म्हणाला, "काम सोडलंत हा एक गुन्हा. ताप नसताना कपारीत शिरलात हा दुसरा. काय म्हणणं आहे तुमचं?"

"माझं पिल्लू मरतंय. हे म्हणणं आहे."

"पारख काय सांगते?"

बगळा पुढे झाला. "मी दोन्ही कान पाहिले. लाली नाही."

"झालं तर मग," कोल्हा म्हणाला. "हे बघा, मी काही तुमचा वैरी नाही. पारख सगळ्यांना एकच आहे. सशालाही तीच, तुम्हालाही तीच. तुमच्यासाठी मोडली, तर उद्या ज्याला त्याला हवी तशी मोडून द्यावी लागेल. पिल्लाला बाहेर काढा. पावसापर्यंत तुमच्या घराला डोह बंद."

"बाहेर काढलं तर ते संध्याकाळही बघणार नाही."

"ताप नसताना कुणी मरत नाही," कोल्हा म्हणाला.

रानडुक्कर पुढे आले. त्याचा आवाज थकलेला होता. "ताई, चला घरी. यांच्याशी बोलून काही होत नाही. आमचं सगळ्यांचं बोलून झालंय. आता निदान डोह तरी सांभाळा."

अस्वलीने त्याच्याकडे पाहिले. तिला त्याचा राग आला नाही. पण ती कपारीच्या तोंडात चारी पाय रोवून उभी राहिली आणि दात दाखवून म्हणाली, "माझ्या पिल्लाला ज्याला बाहेर काढायचं असेल त्यानं पुढे यावं."

कुणी पुढे आले नाही. कोल्ह्याने गव्यांकडे पाहिले. "काढा त्याला," तो म्हणाला. गवे एकमेकांकडे बघत राहिले. हुकूम मोडला तर त्यांचाही डोह जाणार होता, आणि त्यांच्या घरीही वासरे होती. शेवटी त्यातल्या मोठ्या गव्याने जड पावलांनी एक पाऊल टाकले. अस्वलीच्या पाठीवरचे केस ताठ झाले. आता इथे रक्त सांडणार हे सगळ्यांना कळून चुकले.

तेवढ्यात मागे काहीतरी धप्पकन पडले.

बगळा पडला होता. त्याचे तळे यंदा लवकर आटले होते, त्यामुळे बरेच दिवस तो बेडकांसाठी दलदलीत जात होता. सकाळपासून त्याला गरगरत होते, पण त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. आता त्याचे पाय अंगाखाली मुडपले होते आणि पंख फडफडत होते. एकच गोंधळ उडाला. चितळ धावले. कोल्ह्याने धावत जाऊन त्याच्या छातीवर पंजा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अरे, हे तर तापाने फणफणलेत! उचला, उचला! आत न्या! गुळवेल आणा कुणीतरी!"

बगळा क्षीण आवाजात म्हणाला, "पारख... माझी पारख झाली नाही."

"पारख कसली करताय मामा," कोल्हा कळवळून म्हणाला, "तुम्हाला उन्हात धरायला कान कुठे आहेत! हात लावला की कळतंय की!"

एवढे बोलून कोल्हा थांबला. आपण काय बोलून गेलो हे त्याला बहुधा तेव्हाच कळले. पुढे आलेला गवा जागच्या जागी थबकला.

अस्वल सावकाश म्हणाली, "मग माझ्या पिल्लालाही कान नाहीत असं समजा."

कोल्ह्याने ओठ चाटले. "ते... ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"यांची गोष्ट निराळी. यांना सूट द्यावी लागेल."

"मी सूट कुठे मागतेय? तुम्ही आत्ता जे केलंत तेच करा. हात लावा."

कोल्हा हलला नाही. पण कपारीतून ससा उठला. अस्वलीच्या इतक्या जवळ तो जन्मात कधी गेला नव्हता. त्याने पिल्लाच्या पोटावर आपला छोटा पंजा ठेवला, आणि लगेच ओरडला, "कोल्होबा, हे मामांपेक्षाही जास्त तापलंय! आणि इथे तर ऊनही नाही!"

"मला बघू दे," बगळा म्हणाला. चितळांनी त्याला आत नेऊन पिल्लाशेजारीच टेकवले होते. त्याने आपली लांब मान वळवली आणि गाल पिल्लाच्या अंगाला लावला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखाद्या रोग्याला शिवत होता. बराच वेळ त्याने मान उचलली नाही. उचलली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "गुळवेल आधी याला द्या," तो म्हणाला.

रस आला. अस्वलीने थेंब थेंब करून तो पिल्लाच्या तोंडात सोडला. यावेळी तो ओघळला नाही.

कोल्ह्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं. या पिल्लालाही सूट दिली असं आपण धरू. अस्वलबाई, तुमच्यावरचा गुन्हा मागे घेतला. आता बाकीच्यांनी कामावर चला. धूर बघताय ना?"

खरे सांगायचे तर अस्वलीला जे हवे होते ते मिळाले होते. पिल्लू कपारीत होते, रस त्याच्या पोटात जात होता. ती गप्प बसली असती तरी तिला कुणी नावे ठेवली नसती. पण तिची नजर बाहेर गेली. रानडुक्कर भिंतीला टेकून उभे होते, आणि ते टेकून का उभे आहे हे आता तिला कळत होते. गव्याच्या तोंडातूनही लाळ गळत होती.

ती बाहेर आली. कुणाला न विचारता तिने डुकराच्या मानेवर पंजा ठेवला. मग गव्याच्या. "यांनाही ताप आहे," ती म्हणाली. "दलदलीत जे उरलेत त्यांनाही असणार. सूट किती जणांना देणार, कोल्होबा? पारखच चुकलीय म्हणा."

"तसं म्हणता येणार नाही," कोल्हा पटकन म्हणाला. "अहो, पारख चुकली म्हटलं तर त्या पारखेवर केलेले सगळे निवाडे चुकले म्हणावं लागेल! किती घरांना डोह बंद केला, किती जणांना कामचुकार ठरवलं, ते सगळंच..."

"मग म्हणा तसं."

"माझी काय किंमत राहील?"

"ती तुम्ही बघा. पण तुम्ही म्हणेपर्यंत मी इथून हलत नाही, आणि हे हलतील असं मला वाटत नाही."

रानडुक्कर कोल्ह्याच्या समोर येऊन खाली बसले. त्याच्या शेजारी गवे बसले. वाऱ्याने धुराचा लोट कपारीपर्यंत आला आणि चितळ खोकू लागले. दलदलीकडचे टोक अपुरे होते, आणि ते पुरे करणारे सगळे इथे बसले होते. कोल्ह्याने बगळ्याकडे पाहिले. त्याला वाटले, निदान हा तरी आपल्या आजोबांच्या पारखेची बाजू घेईल.

बगळा म्हणाला, "कोल्होबा, पारख चुकली. मीच सांगतो. माझी नजर साफ होती, पण मी चुकीच्या जागी बघत होतो."

मग कोल्हा म्हणाला, "चुकली." आधी पुटपुटला. गव्याला ऐकू आले नाही म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, "पारख चुकली. तिच्यावर दिलेल्या सगळ्या शिक्षा आजपासून रद्द. डोह सगळ्यांना मोकळा."

त्या दुपारी दलदलीतून काळ्या कानांचे प्राणी एकमेकांच्या आधाराने वर आले. कपार अपुरी पडली. ज्यांचा ताप उतरत आला होता ते ससे आणि चितळ उठून बाहेर झाले आणि दलदलीकडच्या टोकाला गेले. डास त्यांनाही चावले. पाला ओढून ओढून त्यांची तोंडे सोलवटली. वणवा आला, जाळरेषेशी बराच वेळ धुमसला आणि तिथेच विझला. दिवस मावळताना अस्वलीच्या पिल्लाने डोळे उघडले आणि आईच्या पंजाला लागलेला गुळवेलीचा कडू रस चाटून वाईट तोंड केले. अस्वल तेव्हा रडली. सकाळपासून ती रडली नव्हती.

तापातून थोडा सावरल्यावर बगळा कपारीच्या तोंडाशी येऊन बसला होता. रानडुक्कर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मामा, एक विचारायचं होतं. गेल्या उन्हाळ्यात माझी बहीण तुमच्या खडकावर आली होती. तुम्ही तिला परत पाठवलंत. ती दलदलीच्या कडेला बसली ती उठलीच नाही. अजून सगळे तिला कामचुकार म्हणतात. तिच्या पिल्लांनाही तसंच चिडवतात. तिला ताप होता का हो?"

बगळ्याने डोळे मिटले. त्याला ती आठवत होती. तिचे दोन्ही कान त्याने नीट पाहिले होते.

"मी तिला हात लावला नाही," तो म्हणाला. "मला माहीत नाही. आणि आता ते कुणालाच कधी कळणार नाही."

डुक्कर वळले आणि बहिणीच्या पिल्लांना घेऊन डोहावर पाणी पाजायला गेले.

तात्पर्य : सगळ्यांना एकच माप लावले म्हणजे न्याय झाला, असे होत नाही; ते माप कुणाच्या अंगावर बेतले होते आणि कुणाला त्यातून वगळले होते, हे आधी विचारावे, आणि वेळ निघून जाण्यापूर्वी विचारावे.